रकाना रिकामा चालणार नाही

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. पुढेमागे क्लबाचा इतिहास लिहिताना कुणाला लागलीच, तर कपाटाच्या वरच्या खणात आहे.

हॅलिबर्न कर्लिंग क्लबाने आज डेटाबेसचं काम एकमताने माझ्याकडे सोपवलं. एकमताने म्हणजे, अध्यक्ष डेलबर्टने विचारलं की हे कोण करणार, आणि सगळे कॉफी घ्यायला उठले. मी बसून होतो. विरोधात एकही मत पडलं नाही.

कारभार हाताबाहेर गेलेला आहे. लॉबीत एक मोठी लाकडी फळी, तिला खिळे, खिळ्यांवर नावांचे बिल्ले. कोण कुणाच्या संघात, कुणाची मॅच बर्फाच्या कोणत्या पट्ट्यावर, सगळं त्या खिळ्यांवर. दार जोरात लागलं की दोन माणसं खाली पडतात आणि जो उचलेल तो त्यांना आपल्या संघात टांगतो. मी रेजायनात पीकविम्याच्या कचेरीत जन्म काढला. तिथे गारपिटीतल्या गारेगारेचं रेकॉर्ड होतं. आणि इथे पंचाहत्तर वर्षं खिळे!

फळी तळघरात पाठवली. डेलबर्ट म्हणाला, राहू दे ना रे एल्डन, ती काय खायला मागते? मी बधलो नाही. ओरेस्ट बिचारा एकटाच ती उचलून खाली घेऊन गेला. दणकट माणूस आहे.

संकल्प: रोज सकाळी उठाबशा. गुडघे तयार हवेत. कारण आहे.

४ नोव्हेंबर

कारण काल लिहायचं राहिलं.

(उठाबशा उद्यापासून. इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडी प्लगला लावायची असते ती विसरलो, सकाळ तिची मनधरणी करण्यात गेली.)

आमच्या खेळात संघाला चार माणसं. एकाने वीस किलोचा दगड बर्फावरून सोडायचा, दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं, आणि एकाने पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळात उभं राहून ओरडायचं. शेवटी ज्यांचा दगड वर्तुळाच्या मध्याजवळ, ते जिंकले. संघाला नाव कप्तानाच्या आडनावाचं. मी गेले कित्येक हिवाळे राखीव आहे. कुणाला फ्लू झाला, कुणाची गाय व्याली, की मला फोन येतो. म्हणजे एका अर्थी मी सगळ्याच संघांचा आहे. फक्त भिंतीवरच्या एकाही फोटोत नाही.

जानेवारीच्या शेवटी क्लबाची पंचाहत्तरावी स्पर्धा आहे. त्या फोटोत मी असणार. कुठल्या संघात तेही ठरवलंय. स्टेनर्सनच्या.

आर्न स्टेनर्सन, कप्तान, दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्याची बायको मर्ना कप्तानी करते, सोबत ओरेस्ट आणि त्याची बायको ग्लेंडा. तिघंच खेळतात. खेळाच्या नियमात ते बसतं, दोघांनी एकेक दगड जास्त टाकायचा की झालं. पण साठी उलटलेल्या माणसांनी जास्तीचा दगड का म्हणून टाकावा, जेव्हा एक चांगला माणूस समोर उभा आहे? त्यांना अजून हे सुचलेलं नाही. डेटाबेस सुचवेल.

९ नोव्हेंबर

पहिला नियम लागू केला. रकाना रिकामा चालणार नाही. नाव, फोन, ईमेल, संघ, आणीबाणीत कुणाला कळवायचं, सगळं भरा, नाहीतर सेव्ह होणार नाही. अर्धवट फॉर्म 'अपूर्ण' नावाच्या खोक्यात जाऊन पडेल. रिकामा रकाना म्हणजे डेटाला पडलेलं भोक. आज एक भोक, उद्या चाळण.

सुरुवात स्वतःपासून. आणीबाणीत कुणाला कळवायचं? बराच वेळ विचार केला. बहीण मॅनिटोबात, तिला कळवून ती काय करणार? फोनच्या रकान्यात घरचा नंबर होता, म्हणून इथे शेवटी माझाच मोबाईल नंबर टाकला. मला काही झालं तर सगळ्यात आधी मलाच कळलं पाहिजे.

संघाचा रकाना भरता आला नाही. म्हणून माझा फॉर्म 'अपूर्ण'मध्ये गेला. खुद्द बनवणाऱ्यालाही अडवलं! नियम किती पक्का आहे याचा याहून मोठा पुरावा नाही.

१६ नोव्हेंबर

दुसरा नियम. कुठलीही गोष्ट डेटाबेसमध्ये एकदाच. एक ईमेल एकाच माणसाचा. एक फोन एकाच जागी. एकच नंबर दोन ठिकाणी असला की एक बदलतो, दुसरा राहतो, आणि मग खरं कोणतं हे देवालाही सांगता येत नाही.

दुपारपर्यंत क्लबातल्या निम्म्या बायका बाहेर.

दोष माझा नाही. या गावात नवरा-बायकोचा ईमेल एकच असतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माणसं एकटी राहत असली की त्यांना अशा गोष्टी सांगायचं इतरांच्या डोक्यात येत नाही. ओरेस्टने सकाळी फॉर्म भरला, दुपारी ग्लेंडाने भरला, कॉम्प्युटर म्हणाला, हा पत्ता आधीच वापरात आहे. ग्लेंडाने सगळ्यांसमोर विचारलं, आमचं अंथरूण एक, टपालपेटी एक, मग ईमेल दोन कशाला? मी ओरेस्टशी भांडायचं तर कुणाच्या पत्त्यावरून? लोक हसले. मी हसलो नाही.

१८ नोव्हेंबर

स्वयंपाकघराचा संप. बायकांनी निरोप धाडलाय की ज्या कॉम्प्युटरमध्ये नाहीत, त्या ओट्यापाशीही दिसणार नाहीत. स्पर्धेला बटाटा भरून उकडलेल्या पेरोगी नाहीत, बेरीचे पाई नाहीत, कोबीचे रोल नाहीत. डेलबर्ट घरी येऊन गयावया करायला लागला. म्हणाला, बाबा रे, बर्फ नसला तरी चालेल, पण पेरोगी नसतील तर बाहेरगावचा एक संघ येणार नाही.

मी ताठ राहिलो. नियम काढणार नाही म्हणजे नाही. मात्र सगळ्यांना मी स्वतः दुसरा ईमेल काढून दिला. नावापुढे २ घालून. ग्लेंडाने विचारलं, मीच दोन का? मग वर्णानुक्रम लावला. त्यात तिचा जी आधी आणि ओरेस्टचा ओ नंतर, म्हणून ओरेस्ट २. आता सगळा क्लब त्याला दोन नंबरचा नवरा म्हणतो. त्याला आवडलेलं दिसतंय.

आणीबाणीच्या रकान्यातही त्याची पंचाईत झाली. ग्लेंडाचा नंबर टाकावा तर तो ग्लेंडाच्या नावावर आधीच आहे. शेवटी त्याने धान्याच्या कोठाराचा टाकला. तिथे कुणी ना कुणी फोन उचलतं म्हणाला.

संप मिटला. माझा विजय.

२४ नोव्हेंबर

आज बर्फाच्या पट्ट्यांची नोंद. चार पट्टे. प्रत्येकाला 'देखरेख कुणाची' हा रकाना. आर्न होता तोवर बर्फ तोच घडवायचा, पाण्याचा फवारा मारून, रात्रभर जागून. तो गेल्यापासून ज्याला वेळ असेल तो करतो. पण 'ज्याला वेळ असेल तो' हे काही नाव नव्हे, आणि रकाना रिकामा चालणार नाही. म्हणून चारही पट्ट्यांना तूर्त आर्नचंच नाव लावून टाकलं. नंतर बघू.

संध्याकाळी मर्ना भेटली. तिने विचारलं, अरे एल्डन, या सगळ्याला म्हणतात तरी काय? मी सांगितलं, डेटा इंटिग्रिटी. म्हणजे डेटा खोटं बोलू शकणार नाही अशी व्यवस्था. ती म्हणाली, बरं आहे, आणि माणसांसाठी? मी म्हटलं, ते माझ्याकडे नाही.

पण त्यावरून विचार आला. आमच्या खेळात पंच नाही. झाडू चुकून धावत्या दगडाला लागला तर तो दगड जळला, असं म्हणतात. ज्याचा झाडू लागला त्यानेच तिथल्या तिथे सांगायचं, आणि दगड बाजूला काढायचा. बघणारा कुणी नाही, तपासणारा कुणी नाही! सांगितलं तर सांगितलं! डेटाबेसमध्ये असला नियम एक दिवस टिकणार नाही.

उठाबशा: झाल्या. म्हणजे एक झाली. गुडघ्यातून आवाज आला म्हणून थांबलो.

२ डिसेंबर

निर्णायक दिवस. संघांचे फॉर्म. माझा नवा नियम: संघात चार नावं हवीत, चारपेक्षा कमी चालणार नाहीत. आणि संघ खरोखर कुठल्यातरी मॅचमध्ये हवा, मॅच खरोखर कुठल्यातरी पट्ट्यावर हवी, आणि माणूस खरोखर कुठल्यातरी संघात हवा. सगळं एकमेकांना बांधलेलं. वरचा दुवा गेला तर त्याच्या आधारावरची खालची सगळी रेकॉर्डं आपोआप पुसली जातील. पोरकं रेकॉर्ड मला एकही नको.

मर्ना फॉर्म भरायला बसली तेव्हा मी सहज शेजारी होतो. सहज बटर टार्टही आणली होती. तीन नावं भरली. चौथ्यापाशी कॉम्प्युटरने अडवलं. मी खाकरलो. तिने एक टार्ट उचललं, खाल्लं, बोटं पुसली आणि लिहिलं: आर्न स्टेनर्सन.

मी हळूच म्हटलं, मर्ना, आर्न आता नाही. ती म्हणाली, माहितीये मला, त्याच्या अंत्यविधीला आलेल्यांसाठी सँडविचं मीच केली होती. रिकामं चालत नाही म्हणालास ना? मग भरलं.

सेव्ह झालं. माझ्याच डेटाबेसने ते मुकाट्याने घेतलं. मृत माणसाला अडवायचा नियम मी केलाच नव्हता. कुणालाच सुचलं नसतं.

तिची चूक नाही. दुःखात माणसाचा डेटा बिघडतो.

१४ डिसेंबर

ओरेस्टशी चतुराईने विषय काढला. म्हटलं, तुम्हा तिघांची फार दमछाक होते बुवा. तो म्हणाला, होते की. म्हटलं, चौथा घ्यायला हवा. तो म्हणाला, आहे ना चौथा. मग खांद्यावर हात टाकून म्हणाला, तू राखीवच बरा एल्डन, राखीव माणसाला हरल्याचा दोष कुणी देत नाही.

एवढं कौतुक मला अपेक्षित नव्हतं.

तरी खोलात जाऊन पाहिलं पाहिजे. त्या संघाची चौथी जागा रिकामी आहे ही वस्तुस्थिती. डेटाबेस म्हणतो भरलेली आहे. म्हणजे डेटाबेस खोटं बोलतोय. हे मी खपवून घ्यायचं का? प्रश्न माझ्या जागेचा नाहीच. प्रश्न सत्याचा आहे.

१० जानेवारी

उणे अडतीस. श्वास घेतला तर नाकातले केस खडखडतात. घरीच बसलो. कपाटातून झाडू काढून दिवाणखान्यात सराव केला. गालिचा सरकला. दिवा पडून फुटला.

ठरलं. स्पर्धेआधी डेटा स्वच्छ करायचा. मृत माणूस चालू यादीत राहणार नाही, हा नियम. एकच रेकॉर्ड पुसायचं आहे. एक बटण. मग मर्नाच्या फॉर्मवर लाल अक्षरात येईल की चौथं नाव हवं, स्पर्धा तोंडावर असेल, ती इकडेतिकडे बघेल, आणि मी जवळच उभा असेन.

टार्ट नकोत या वेळी. मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

२२ जानेवारी, सकाळी

आर्न स्टेनर्सन पुसला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. मनात म्हटलं, आर्न, माफ कर, तू असतास तर तुलाही पटलं असतं.

तत्काळ बॅकअप घेतला. दोन प्रती. एक ऑफिसात, एक घरी.

२२ जानेवारी, दुपारी

काहीतरी विचित्र झालंय. कारण मात्र पूर्णपणे तर्कशुद्ध आहे, ते नोंदवून ठेवतो.

चारही पट्ट्यांची देखरेख आर्नच्या नावावर होती. आर्न गेला, म्हणून नियमाप्रमाणे चारही पट्टे गेले. पट्टे नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे सगळ्या मॅचेस गेल्या. मॅच नसलेला संघ चालत नाही, म्हणून नियमाप्रमाणे सगळे संघ गेले. संघ नसलेला माणूस चालत नाही, म्हणून नियमाप्रमाणे सगळे सभासद गेले. स्वयंपाकघरासकट.

एकाही नियमाने एकाही जागी चूक केलेली नाही. इतकं अचूक काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

या क्षणी बाहेर उणे एकतीस आहे आणि माझ्या डेटाबेसप्रमाणे हॅलिबर्नमध्ये बर्फ नाही.

दोन्ही बॅकअप उघडून पाहिले. दोन्ही तंतोतंत सारखे. दोन्हीत बर्फ नाही. आधीच्या प्रती नवीन घेताना पुसल्या गेल्या, कारण एक गोष्ट एकदाच हा माझाच नियम. अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये एकच माणूस शिल्लक आहे, 'अपूर्ण'च्या खोक्यात. मी.

२३ जानेवारी

सांगावं लागलं. डेलबर्ट खुर्चीत बसला, टोपी काढली, परत घातली. स्पर्धा आजच सुरू होणार, बाहेरगावचे सोळा संघ पार्किंगमध्ये गाड्या प्लगला लावतायत. मी म्हटलं, दोन आठवडे द्या, उभं करतो. डेलबर्टने ओरेस्टला हाक मारली आणि म्हणाला, जा रे, फळी आण वर.

ओरेस्टने एकट्यानेच आणली. जिन्यात एकदा कण्हल्याचा आवाज आला. मी मदतीला जाणार होतो, पण कुणी बोलावलं नाही. कॉफी संपायच्या आत सगळे बिल्ले खिळ्यांवर लागले. कुणाची मॅच कुणाशी हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तोंडपाठ! याला काय व्यवस्था म्हणायची?

मर्ना माझ्याकडे आली. म्हणाली, म्हणजे आर्नला तू काढलंस? मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या सगळा क्लबच गेलाय, त्यामुळे पक्षपात म्हणता येणार नाही. मला वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने खिशातून आर्नचा बिल्ला काढला, आपल्या संघाच्या चौथ्या खिळ्यावर टांगला, आणि झाडू घेऊन आत गेली. तो बिल्ला ती खिशात घेऊन फिरते हे मला माहीत नव्हतं. कुठल्याही रकान्यात ते येत नाही.

माझा बिल्ला कुणीतरी खाली कोपऱ्यात लावलाय, 'राखीव' असं लिहिलेल्या खिळ्यावर. तिथे मी एकटाच आहे. मी माघार घेतलेली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फळीवर काय आहे आणि सत्य काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी.

२४ जानेवारी

स्टेनर्सनचा संघ काल-आजच्या सगळ्या मॅचेस जिंकला. उद्या फायनल. मी लॉबीच्या काचेमागून पाहिलं. ओरेस्ट वाकताना तोंड वाकडं करत होता. पेरोगी उत्तम होत्या. ग्लेंडा मला वाढताना म्हणाली, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना, मग तुला जास्त वाढते. सगळे हसले. मी जास्त घेतल्या.

२५ जानेवारी, सकाळी

फोन!! मर्नाचा. ओरेस्टची पाठ गेली. त्या फळीने गेली. पलंगावरून हलत नाही. दोघींना खेळता येत नाही, तिघं लागतात. म्हणाली, एल्डन, झाडू आहे ना तुझा? मी म्हटलं, झाडू दिवाणखान्यातच आहे. तिने कारण विचारलं नाही.

हे मी सुरुवातीपासून म्हणत होतो. फळी तळघरातच राहायला हवी होती.

वाटेत दोन उठाबशा काढल्या, पेट्रोल भरताना.

२५ जानेवारी, संध्याकाळी

धड बसता येत नाही, उशीवर बसून लिहितोय. सगळं क्रमाने लिहितो, कारण गावात भलतंच बोललं जाईल.

खेळ बरोबरीचा, वर्तुळात त्यांचा एक दगड. शेवटचा दगड मर्नाचा. ग्लेंडा पलीकडे वर्तुळात झाडू रोवून उभी, आणि दगडापुढे झाडू घासायला एकटा मी. एरवी दोघं असतात. मर्नाने दगड सोडला. ग्लेंडा ओरडली, घास, एल्डन, घास रे मेल्या! मी घासलं. इतकं मी आयुष्यात कधी घासलं नव्हतं. छाती फुटायला आली, चष्म्यावर धुकं आलं, पुढचं फक्त पांढरं दिसत होतं. मधल्या भागात कुठेतरी झाडू दगडाला लागला.

लागला असावा. हलकेच. एखादा केस लागावा तसा. मला हाताला जाणवलं, पण हाताला जाणवलेली गोष्ट म्हणजे काही नोंद नव्हे. ग्लेंडा ओरडत होती. काचेमागे कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मी घासत राहिलो. मी हात वर करणारच होतो. पण आधी दगड थांबू द्यावा, मग सगळा मुद्दा नीट मांडावा, असं माझं मत पडलं.

दगड बरोबर मध्यावर थांबला. जिंकलो! ग्लेंडाने झाडू हवेत फेकला. काचेमागे सगळे उठून उभे. डेलबर्ट दोन्ही हात हलवत होता, आणि मला सरळ सरळ फोटो दिसत होता, चौकटीसकट.

मर्ना दगडामागून शांतपणे घसरत आली. माझ्याकडे पाहिलं. थांबली. मला वेळ दिला, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मग वर्तुळात गेली आणि पायाने तो दगड बाजूला ढकलून दिला. समोरच्या कप्तानाला म्हणाली, जळला होता. तुमचा कप.

मी आक्षेप घेतला. मी म्हटलं, पुरावा काय? कुणी पाहिलं? मी मागे मागे चालत बोलत होतो, कारण सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. मागे तोच दगड होता.

पाय वर आणि मी खाली. काही क्षण छत दिसत होतं. कुणीतरी ओरडलं, याच्या घरच्यांना कळवा. डेलबर्ट धावत ऑफिसात गेला. तिथे कॉम्प्युटरमध्ये एकच माणूस होता आणि त्याचा आणीबाणीचा नंबर होता. माझ्या खिशात फोन वाजला. सवयीने उचलला. डेलबर्ट धापा टाकत म्हणाला, हॅलो, घाबरू नका, तुमचे एल्डन बर्फावर पडलेत, जरा लगेच येता का? मी म्हटलं, मी इथेच आहे. तो म्हणाला, बरं झालं, मग त्यांच्याजवळच थांबा.

हसण्याचा आवाज अजून कानात आहे. मर्ना बर्फावर बसून हसत होती. डोळे पुसत होती, परत हसत होती. दोन वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी का हसलो नाही तर कंबर दुखत होती.

आमच्याकडे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं असतं. चार ग्लास आले. मर्नाचा, ग्लेंडाचा, आर्नचा, आणि एक माझ्यापुढे. हरलेल्या संघातला माणूस म्हणून मला कुणी ग्लास आणून द्यायची ही पहिलीच वेळ. राखीवला देत नाहीत, राखीव कुणाच्याच बाजूने हरलेला नसतो. आर्नचा एरवी ओरेस्ट पितो. आज तो तसाच राहिला.

फोटो काढला तेव्हा मी बाकावर बर्फाच्या पिशवीवर बसलो होतो. माझं कोपर आलंय.

२७ जानेवारी

क्लब पुन्हा भरायला घेतला. आधी बर्फ. चार पट्टे. देखरेख कुणाची? डेलबर्टला विचारलं, तो म्हणाला, ज्याला वेळ असेल तो. तसंच लिहिलं.

दुपारी मर्ना आली. कोबीचे रोल घेऊन. मला वाटलं चौकशीला आली असेल, पण आधी संघाचा फॉर्म उघड म्हणाली. स्वतः, ग्लेंडा, ओरेस्ट. मी चौथ्या रकान्यावर बोट ठेवून थांबलो. आर्न लिहू का विचारलं. म्हणाली, नको रे, मेल्यावरही त्याला फॉर्म भरायला लावतोस? रिकामं ठेव. ते रिकामं म्हणजे कुणी नाही असं नव्हे.

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. मग नियम काढला. तात्पुरता. रिकामा रकाना तसाच सेव्ह झाला. आकाश कोसळलं नाही.

आणि 'अपूर्ण'च्या खोक्यातून एक फॉर्म आपोआप आत गेला, कारण आता त्यालाही कुणी अडवणारं उरलं नव्हतं. एल्डन फ्रीसन. संघ: काही नाही.

मर्ना वाकून वाचत होती. म्हणाली, एक विचारू? झाडू लागला तेव्हा तुला कळलं होतं ना?

उत्तराचा रकाना रिकामा ठेवता आला असता. आता चालतं तसं. धुकं आलेल्या चष्म्याचा मुद्दा होता, पुराव्याचा होता, दोन्ही माझ्याकडे तयार होते.

हो म्हणालो.

ती म्हणाली, ठीक आहे. गुरुवारी ओरेस्टची पाठ बरी नसेल तर फोन करीन. मग माझ्या फॉर्ममधल्या आणीबाणीच्या नंबरावर बोट ठेवून म्हणाली, आणि हे पूस, गाढवा. माझा घाल.

घातला. कॉम्प्युटर म्हणाला, हा नंबर आधीच वापरात आहे.

तोही नियम काढला. सेव्ह झालं.